साठी, बुद्धी आणि औषध

‘साठी बुद्धी नाठी’ ही मराठीतली म्हण फार जुनी आहे आणि तिच्यात जितका विनोद आहे तितकीच शरणागतीही आहे. वार्धक्याबरोबर बुद्धी जायचीच असे एकदा मानले, की वैद्याकडे जाण्याचे कारणच उरत नाही. स्मृतिभ्रंशावरील उपचारांचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, औषधाचा शोध लागण्यापूर्वी ही समजूत मोडावी लागली. ती समजूत केवळ आपल्याकडे होती असेही नव्हे.

१९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रश्न विचारीत आणि तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवीत. पतीचे नाव विचारले असता तिने स्वतःचेच नाव सांगितले. नाव लिहावयास सांगितले, तेव्हा ते तिला जमेना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असे ती म्हणाली. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पेशींच्या बाहेर कसलेसे साठे आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता आढळला. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत अल्झायमरांनी हे सारे मांडले. सभेत कोणी एक शंकाही विचारली नाही!

१९१० साली क्रेपेलिन या त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या रोगाला अल्झायमरांचे नाव दिले खरे. परंतु रुग्ण पन्नाशीतली असल्यामुळे तो अकाली जडणारा दुर्मिळ विकार ठरला. सत्तरीतल्या माणसाचे विसरणे मात्र वयाच्याच खात्यावर मांडले गेले. न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, वृद्धांच्या मेंदूतही तेच साठे असतात आणि ते जितके अधिक, तितकी बुद्धीची हानीही अधिक. म्हातारपणाचा धर्म म्हणून जे सोडून दिले होते, ते रोगाचे काम निघाले.

मग उपचाराला वाट सापडली. या रोगात स्मरणाला आवश्यक असे ॲसिटिलकोलीन हे रसायन मेंदूत घटते, असे १९७६ च्या सुमारास आढळले. ते रसायन मोडून टाकणाऱ्या विकराला आवर घालावा, ही त्यावरची युक्ती. जपानमधील हाचिरो सुगिमोतो याच खटपटीत होते. त्यांची स्वतःची आई स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली होती. ‘मी तुमचा मुलगा हाचिरो’, असे त्यांनी सांगितल्यावर, आपल्यालाही हाचिरो नावाचा मुलगा आहे, असे ती म्हणाली. त्यांच्या गटाने शोधलेल्या डोनेपेझिलला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. या गोळीने काही काळ उजेड टिकतो; रोग मात्र आपल्या गतीने पुढे सरकतच राहतो.

मूळ साठेच काढून टाकावेत, ही त्यानंतरची महत्त्वाकांक्षा. हे साठे अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात. ते हटविणारी लस देऊन पाहिली, तेव्हा काही रुग्णांच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. अड्युकॅनुमॅबची कथा तर वादाचीच. सल्लागारांनी विरोध केला असताही २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये निर्मात्यांनीच ते सोडून दिले. २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब मात्र कसोटीला उतरले. १,७९५ रुग्णांवर दीड वर्ष चाललेल्या चाचणीत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. आकडा भरघोस वाटतो. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी आहे. घरच्या माणसांना तो जाणवेल काय, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. शिवाय दर पंधरवड्याला शिरेतून औषध घ्यावयाचे आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना, हे वारंवार तपासावयाचे. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या डोनानेमॅबलाही हा धोका आहेच. साठे निघून गेल्यावर ते बंद करता येते, एवढी सोय.

या दोन्ही औषधांची एक अट आहे. रोग अगदी प्रारंभीच्या अवस्थेत असला पाहिजे. बुद्धी पुरती ‘नाठी’ झाल्यावर त्यांचा उपयोग नाही. यासाठी रक्ताच्या तपासणीवरून हे साठे ओळखण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता देण्यात आली. लेकॅनेमॅबची २०२० साली सुरू झालेली एक चाचणी तर त्याही पलीकडची आहे. तिच्यात घेतलेल्या माणसांच्या मेंदूत साठे आहेत, पण त्यांना अद्याप काहीही विसरायला झालेले नाही.