गळकाठीची वंशावळ

हैदराबादेत अंबरपेठेच्या कडेनं मुसी नदी वाहते, पण गळ टाकून बसावं अशी ती आता राहिलेली नाही. दिवसाला 33.9 कोटी लिटर क्षमतेचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प इथंच आहे, आणि तो असूनही पाण्याचा रंग नि वास जे सांगायचं ते सांगतातच. बागअंबरपेठेतलं बतुकम्मा कुंटा हे बुजलेलं तळं 2025 मध्ये पुन्हा खोदून पाण्यानं भरलं, ही आमच्या भागातली पाण्याविषयीची अलीकडची चांगली बातमी. गळाचा नाद असलेल्यांना मात्र शहराबाहेरच्या तलावांची वाट धरावी लागते. त्यांच्यात कुणी नवा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुरुवातीला काठी कोणती घेऊ? दुकानात त्याला तयार संच मिळतो. दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी काठी, तिला बसवलेलं रीळ, रिळावर तंगूस, पुडीत पाच-सहा गळ आणि एखादा प्लास्टिकचा मासा.

या संचाचं कुळ शोधत मागे गेलं तर दोन घराणी सापडतात. काठी, रीळ आणि तंगूस हे एक घराणं; ते घड्याळजींच्या, गिरणीवाल्यांच्या आणि रसायनशास्त्रज्ञांच्या हातून आलं. गळ, आमिष आणि गळाला लागून असणारी टोकाची तार हे दुसरं; ते थेट माशाच्या तोंडातून आलं. दुकानात डोळ्यांत भरतं ते पहिलं. मासा लागणं न लागणं मात्र बरंचसं दुसऱ्यावर ठरतं, आणि नवशिक्याशी त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

दुसऱ्या घराण्याचा एक फार जुना कागद हैदराबादेपासून जवळच तयार झाला. मुंबईच्या रस्त्यानं झहीराबाद, हुमनाबाद ओलांडलं की बसवकल्याण येतं. हीच चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं (राज्यकाळ 1126 ते 1138) ‘मानसोल्लास’ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद येतो, म्हणजे गळानं मासे धरण्याचा खेळ. मराठी अभ्यासक हा ग्रंथ ओळखतात तो त्यात आलेल्या जुन्या मराठी ओळींमुळे. मत्स्यविनोदाकडे आपलं लक्ष फारसं गेलं नाही, याची मला खंत वाटते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत जी. के. श्रीगोंदेकरांनी 1925 पासून ‘मानसोल्लास’ संपादून छापायला घेतला. पुढे सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानं 1951 मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा त्यातलं प्राणिशास्त्र जाणकारांसमोर आलं.

राजा सुमारे 35 प्रकारचे मासे सांगतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, आकारानं थोर कोणते नि लहान कोणते. मग कुणाला काय खाऊ घालायचं ते येतं, कारण ठरल्या जागी चारा टाकून माशांना सवय लावणं हा त्या खेळाचाच भाग होता. दोरी, काठी आणि गळही तो वर्णन करतो. पण ज्याला वाटेल ते साहित्य बनवून मिळालं असतं अशा राजानं माशाच्या खाण्याकडे एवढं लक्ष द्यावं, हे मला विलक्षण वाटतं. गळ स्वतः त्याच्याहून कितीतरी जुना आहे. सिंधू संस्कृतीच्या शहरांत तांब्याचे गळ सापडले, आणि त्यांतल्या काहींना आजच्यासारखाच उलटा काटा आहे.

या कुळात पुढं आपल्या कोळ्या-भोयांचं नाव यायला हवं, ते आलं मात्र एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीतून. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खन फिरताना त्यानं नद्यांतले मासे जमवले आणि 1839 मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. ‘खुद्री’, ‘कोळस’, ‘मुसुल्ला’ अशी इथल्या माणसांच्या तोंडची नावं त्यानं जवळपास तशीच लॅटिन नावांत ठेवली. दख्खनच्या महसीरला जगभर आजही टोर खुद्री म्हणतात ते त्यामुळे. पुण्याची मुळा-मुठा भीमेतून कृष्णेला मिळते आणि अंबरपेठेवरून जाणारी मुसीही पुढं वाडपल्लीला कृष्णेतच जाते. साइक्सनं नोंदवलेलं मत्स्यकुळ म्हणजे आमच्या नदीचंही नातलग.

महसीरनं विलायती साहित्याला जो धडा दिला तो हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास मुलकी सेवेतल्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवला. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ 1873 मध्ये निघालं. इंग्लंडहून आलेले साहेब सॅमन माशासाठी घडवलेले नाजूक गळ घेऊन इथल्या नद्यांवर उतरत, आणि महसीर ते तोंडात चेपून टाकी. महसीरच्या जबड्यावर दात नसतात. ते असतात घशात. जाड ओठांची पकड मात्र जबरदस्त. काठी उत्तम, दोरी उत्तम, आणि गळ मोडून वर आलेला, असा तो प्रकार. इथल्या पाण्यासाठी जाड, कणखर गळ लागतात हे त्यानंतर आलेल्यांना आयतं कळलं. तळ्यांतल्या गळासाठी त्यानं 1887 मध्ये वेगळं पुस्तक लिहिलं, कारण तळं वेगळं, मासा वेगळा, साहित्यही वेगळं. महसीरसाठी त्यानं चकाकणाऱ्या, पाण्यात गिरक्या घेणाऱ्या धातूच्या चमच्याच्या आमिषाचीही शिफारस केली. त्या चमच्याचं अमेरिकेतलं पेटंट ज्युलिओ ब्युएलनं 1852 मध्ये घेतलं होतं.

पहिल्या घराण्याची हकीकत भराभर सांगता येते. रीळ चीनमध्ये पुरातन आहे. मा युआन या चित्रकाराच्या 1195 च्या सुमाराच्या चित्रात एकटा कोळी रीळ लावलेली काठी धरून बसलेला दिसतो. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे देणारं दातेरी चक्रांचं रीळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं बनवलं. नवशिक्याच्या हाती आज जे रीळ पडतं, ज्याची फिरकी स्थिर राहते आणि दोरा तिच्या टोकावरून सुटतो, त्याचं पेटंट 1905 मध्ये यॉर्कशायरच्या लोकरगिरणीतल्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं घेतलं. गिरणीत बॉबिनवरून सूत सुटतं त्याच तत्त्वावर ते चालतं. सोलापूर-गिरणगावातल्या जुन्या गिरणीकामगाराला ते समजावून सांगायची गरज पडली नसती. 1935 मध्ये वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं आणि रेशमी दोऱ्यांची जागा तंगूसानं घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंची काठी आली, 1970 च्या दशकात कार्बनतंतूंची, आणि 1990 च्या दशकात अतिशय बारीक पण ताणून न लांबणारी विणीची दोरी. हे सगळं उपयोगी आहे. पण यातलं काहीही आपल्या तलावात कोणता मासा आहे हे सांगत नाही.

माशाकडे पाहून साहित्य ठरवायचं, हे जिथं सर्वांत नीट समजून घेतलं गेलं ती जागा म्हणजे उत्तर अमेरिकेतली मस्कीची तळी. चार फुटांपलीकडे वाढणारा, पाणवनस्पतींत दबा धरणारा हा शिकारी मासा. त्याच्या दातांपुढं तंगूस टिकत नाही, म्हणून गळाआधी तार किंवा खूप जाड दोरा हवाच. आमिषं वीतभर लांबीची, ती दिवसभर फेकायची तर काठी आठ-नऊ फुटी आणि दणकट. तिथले जुने लोक नवशिक्याला आणखी एक सांगतात: काठीच्या आधी मोठं जाळं, लांब पक्कड आणि गळ तोडायची कात्री घ्या. मिनेसोटात 1966 मध्ये गिल हॅमनं ‘मस्कीज’ ही संस्था काढली आणि मासा जिवंत परत सोडण्याची रीत तिनं रुजवली. मासा पाण्याबाहेर जितका कमी राहील तितका तो जगण्याचा संभव जास्त.

आमच्याकडे दबा धरून झडप घालण्याच्या बाबतीत मस्कीच्या जवळ जाणारा मासा म्हणजे मरळ, तेलुगूत कोर्रमीनू, 2016 पासून तेलंगणाचा राज्यमासा. अंबरपेठेतल्या नवशिक्यानं साहित्य निवडावं ते मरळीकडे पाहून. मरळ जलपर्णीत आणि कमळाच्या पानांखाली दडते, म्हणून उघड्या काट्याचं आमिष पहिल्याच फेकीत अडकतं. आतून पोकळ, काटे पाठीला चिकटलेला रबरी बेडूक मात्र पानांवरून सरकतो. तिचं तोंड हाडाचं, त्यात गळ रुतवायला काठी कडक हवी. साडेसहा-सात फूट पुरते, तयार संचातली लवचीक सरकती काठी इथं कामाची नाही. मासा लागला की तो वेलींत शिरतो, म्हणून 30 ते 40 पौंडांची विणीची दोरी. तो फार लांब पळत नाही, म्हणून रिळावर पैसे घालण्याची घाई नको. मध्यम आकाराचं साधं रीळ चालतं. वाचलेल्या पैशांत लांब पक्कड येते, कारण मरळीच्या तोंडात दात आहेत आणि आपली बोटं तिथं घालायची नसतात.

रोहू-मृगळ धरायचा असेल तर यातलं जवळपास सगळं बदलेल: लवचीक काठी, बारीक तंगूस, लहान गळ, पिठाचा गोळा. म्हणून दुकानाआधी तलावावर जावं. बहुतेक तलावांतल्या माशांवर तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचा हक्क असतो. परवानगी तिथंच मागायची आणि पाण्यात काय आहे हेही तिथंच विचारायचं. पावसाळ्यात पृष्ठभागाशी लालसर पिलांचा दाट पुंजका दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. त्या वेळी ती समोर येईल त्यावर तुटून पडते, आणि गळाला सहज लागते. ती उचलली की पिलं इतर माशांच्या तोंडी जातात. तिथं बेडूक टाकायचा नाही. जाग्यावरून उठून दुसरा काठ धरायचा.