बाळ येशू, सांताक्लॉज आणि नऊ न्यायाधीश

ऑनसाइटला असताना एक अख्खा डिसेंबर मी पिट्सबर्गमध्ये काढला. रिलीज आटोपलेलं, क्लायंट सुट्टीवर, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. एका शनिवारी डाऊनटाऊनमध्ये भटकताना यू. एस. स्टील टॉवरसमोर येशूजन्माचा भलामोठा देखावा दिसला. गोठा, मेरी, जोसेफ, मेंढपाळ... आपले गणपतीचे देखावे आठवलेच. रूमवर येऊन सहज शोधलं, तर याच शहरातल्या अशाच एका देखाव्याचं भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलेलं! मग काय, रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ची. सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करायचा नाही, असं ती सांगते. पण नाताळात नगरपालिकेने येशूचा देखावा मांडला तर?

ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावात नेमकं हेच चालू होतं, चाळीसेक वर्षं. नगरपालिकेने १९७३ मध्ये १,३६५ डॉलर्सना येशूजन्माच्या मूर्ती घेतल्या आणि त्या दरवर्षी बाजारपेठेतल्या एका बागेत मांडल्या जायच्या. (बाग खाजगी संस्थेची, पण सगळं सामान नगरपालिकेचं.) सोबत सांताचं घर, रेनडिअर, विदूषक, हत्ती, टेडी बेअर आणि रंगीत दिवे. काही नागरिक कोर्टात गेले. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. का? तर एकंदर देखावा सणाचा आहे, त्याला धर्मप्रचार म्हणता येणार नाही.

हे वाचताना मला आपल्या सरकारी कचेऱ्यांतला सत्यनारायण आठवला. कुणी हरकत घेतली की आपलं उत्तर तयार असतं, "अहो, हा धर्म कुठे, ही तर आपली संस्कृती!" पॉटकेटचा युक्तिवाद साधारण तोच. पण विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी त्यातली मेख बरोबर पकडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की गाव जिंकलं खरं, पण भारी किंमत देऊन. येशूजन्माचा प्रसंग म्हणजे निव्वळ बाजारपेठेची सजावट, असं कोर्टात ठरवून घ्यावं लागलं. मी काही ख्रिस्ती नाही, पण असतो तर या विजयाचे पेढे वाटले नसते.

आता पिट्सबर्ग. इथे कोर्टहाऊसच्या मुख्य जिन्यावर एका कॅथलिक संस्थेचा देखावा असायचा. सांता नाही, हत्ती नाही. वर देवदूत, त्याच्या हातात देवाच्या महिम्याचा लॅटिन फलक. जवळच्याच दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी ख्रिसमस ट्री आणि त्याच्या शेजारी ज्यूंच्या हनुका सणाचा १८ फुटी दिवा, म्हणजे मेनोरा. १९८९ मध्ये निकाल लागला: जिन्यावरचा येशू घटनाबाह्य, झाडाशेजारचा मेनोरा चालेल.

आणि आता खरी गंमत. नऊपैकी चार न्यायाधीशांच्या मते दोन्ही देखावे चालण्यासारखे होते. तिघांच्या मते दोन्ही नाहीत. म्हणजे सात जणांना दोन्हींचं उत्तर एकच हवं होतं! वेगवेगळी उत्तरं हवी होती ती फक्त ब्लॅकमन आणि ओ'कॉनर यांना, आणि निकाल लागला तो त्या दोघांसारखा. असा कोड रिव्ह्यू आमच्याकडे झाला असता तर मॅनेजरने डोकं धरलं असतं :)

त्यानंतर वकील मंडळी गमतीने 'प्लॅस्टिक रेनडिअरचा नियम' म्हणू लागली. देव ठेवायचाय? मग शेजारी पुरेसे रेनडिअर ठेवा.

दुसरी वाट म्हणजे जागा सगळ्यांनाच खुली करायची. फ्लोरिडाच्या राज्य कॅपिटॉलमध्ये ती होती, तर २०१३ मध्ये येशूच्या गोठ्यासोबत बिअरच्या कॅन्सचा खांबही उभा राहिला. खुली म्हणजे खुलीच! पुढे २०२२ मध्ये शाळेच्या मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका फुटबॉल कोचच्या खटल्यात कोर्टाने, सरकार धर्माला पाठिंबा देतंय असं बघणाऱ्याला वाटतं का, ही जुनी कसोटीच मोडीत काढली. आता इतिहास आणि परंपरा बघायची म्हणे. त्यात रेनडिअरचं काय होणार, देव जाणे.

असो. मी पाहिलेला टॉवरसमोरचा देखावा १९९९ पासून मांडतात. जागा खाजगी, त्यामुळे कुठल्या न्यायाधीशाला विचारायला नको. तो जिना असलेलं कोर्टहाऊस त्याच ग्रँट स्ट्रीटवर, चालत पाच मिनिटांवर. सोमवारी सकाळी मुद्दाम तिकडून वळसा घालून ऑफिसला गेलो आणि दहा मिनिटं उशिरा पोचलो. क्लायंट सुट्टीवर होता म्हणून बरं!