नवी बंदूक आणि विशाळगडचा पाऊस

इतिहासाच्या पुस्तकांत शस्त्रें नेहमीं चालतांना दिसतात. तीं चालण्याजोगीं कशीं झालीं हें सहसा कोणी सांगत नाहीं. अमक्या गडावर इतक्या तोफा होत्या, तमक्या लढाईंत इतके बंदूकवाले होते, एवढी मोजदाद झाली म्हणजे ग्रंथकाराचें समाधान होतें. परंतु तोफ किंवा बंदूक ही तरवारीसारखी म्यानांतून उपसली कीं कामास लागणारी वस्तु नव्हे. कारखान्यांतून नुकतेंच आलेलें हत्यार आणि भरंवशाचें हत्यार या दोहोंमध्यें पुसण्याचा, पारखण्याचा व रुळविण्याचा एक काळ जावा लागतो. ज्या राज्यानें या काळाकडे लक्ष पुरविलें त्याचें शस्त्रबळ खरें, बाकीच्यांच्या नुसत्या याद्या, असें आमचें मत आहे. आणि तें पारखून पाहण्यास कोल्हापूर जिल्ह्यांतील शाहूवाडी तालुक्याइतकी योग्य जागा आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

हा तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेला. मलकापुराहून पश्चिमेस निघालें कीं आंबा घाटाची वाट लागते. त्याच बाजूस गजापूरची खिंड आणि पलीकडे विशाळगड. येथें मृगापासून जो पाऊस धरतो तो नवरात्राच्या आसपास सोडतो. भिंतींना ओल येते, चामड्यावर बुरशी चढते, आणि उघडें लोखंड एका रात्रींत तांबडें पडतें. बंदुकीच्या दारूंतील कोळसा व नीट शुद्ध न केलेला सोरा हे हवेंतील ओल शोषून घेतात, आणि अशी सर्दावलेली दारू ऐन वेळीं नुसती फुसफुसते. तेव्हां या मुलुखांत शस्त्र बाळगणाऱ्याचा पहिला शत्रु पाऊस. दुसरा कोण तें मागाहून.

इ. स. १६६० च्या उन्हाळ्यांत सिद्दी जौहराचा पन्हाळ्यास वेढा पडला होता. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा तोफ व दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस आला. या उपद्व्यापाचें फळ त्यास पुढील वर्षीं राजापुरावर छापा आला तेव्हां कैदेच्या रूपानें मिळालें, हें सर्वश्रुत आहे. महाराज गडावरून निसटले ते १२ जुलैच्या रात्रीं, भर पावसांत. त्या काळची बंदूक जामगीची, म्हणजे पेटलेल्या दोरीनें काना पेटवून उडवावयाची. धो धो पावसांत ही दोरी जळत ठेवणें किती कठीण, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रात्रीच्या निवडींत काळोखाइतकाच पावसाचाहि हिशेब असावा, असें आम्हांस वाटतें. पुढें खिंडींत बाजीप्रभूंनीं जें केलें तें पाठ्यपुस्तकांमुळें प्रत्येक मुलास माहीत आहे. महाराज विशाळगडावर पोंचल्याची खूण म्हणून गडावरून तोफा झाल्या, असें परंपरा सांगते. ही परंपरा ग्राह्य धरली, तर एक प्रश्न सहज उभा राहतो आणि तो कोणी विचारल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं: जुलैच्या मध्यास, जेथें चार चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं अशा डोंगरावर, त्या तोफा पेटल्या कशा?

या प्रश्नाचें उत्तर देणारा ग्रंथ पुढें त्याच गडाशीं जन्माचें नातें असलेल्या पुरुषानें लिहिला. रामचंद्रपंत अमात्य हे राजाराम महाराज जिंजीस असतांना हुकूमतपन्हा या नात्यानें महाराष्ट्राचा कारभार पाहत होते, आणि त्यांचें मुख्य ठाणें विशाळगड हेंच होतें. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नांवें इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेलें त्यांचें आज्ञापत्र राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाखाणलें जातें, तें योग्यच आहे. परंतु आम्हांस त्यांतील दुर्गप्रकरण अधिक मोलाचें वाटतें, कारण तेथें पंत तत्त्व सांगत नाहींत, काम सांगतात. दारूखाना राहत्या घरापासून दूर असावा. त्यास तळघर करून गच करावी, वर माच घालून त्यावर दारूचीं भांडीं ठेवावीं, म्हणजे ओल लागणार नाहीं. आठां-पंधरां दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हें द्यावीं आणि पुन्हां मोहोर करून ठेवावीं. तोफेचा गाडा तोफेच्या वजनाजोगा मजबूत असावा. गज, जामग्या व काना साफ करण्याचें साहित्य तोफेपाशीं हाताशीं असावें. आणि पावसाळा येण्यापूर्वीं तोफांना तेल-मेण देऊन त्यांचे काने मेणानें बुजवावे व वरून आच्छादन घालावें.

काने मेणानें बुजविण्याचें हें कलम कांहीं दरबारांत बसून सुचण्याजोगें नाहीं. विशाळगडच्या पावसांत ज्यानें वर्षानुवर्षें काढलीं, ज्याच्या देखत एखादी तोफ ऐन वेळीं मुकी राहिली असेल, त्याच्याच लेखणींतून तें उतरणार. पंत १६६० सालीं त्या गडावर होते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यांनीं लिहून ठेविलेली शिस्त गडकऱ्यांच्या अंगीं आधींपासून मुरलेली असली पाहिजे. एरवीं भर आषाढांत तोफ वाजती ना.

याच्या उलट चित्र पाहावयाचें तर १७०२ सालचें पाहावें. औरंगजेबानें त्या वर्षीं जून महिन्यांत विशाळगड घेतला आणि पावसांतच परत फिरला. सुमारें तीस मैलांच्या वाटेला त्याच्या फौजेस महिन्याहून अधिक काळ लागला; जनावरें चिखलांत मेलीं, सामान ओढ्यांतून वाहून गेलें. हिंदुस्थानांतील सर्वांत मोठा तोफखाना शाहूवाडीच्या चिखलानें जेरीस आणला.

मधला काळ भरभर ओलांडूं. जामगी गेली, चकमक आली, चकमकीच्या जागीं टोपी आली. पण खेड्यापाड्यांत राहिली ती ठासणीची बंदूक. १८७८ च्या कायद्यानें इंग्रजी मुलुखांतील सामान्य माणसाच्या हातची शस्त्रें परवान्याखालीं गेलीं. कोल्हापूर संस्थानांत शिकारीचा शौक दरबारी राहिला, आणि दाजीपूरचें रान त्यासाठीं राखलेलें होतें. तेंच १९५८ सालीं अभयारण्य झालें. १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीची गोष्टच संपली. आतां चांदोलीच्या रानांतून गवे व डुकरें शाहूवाडीच्या उसांत व भातांत उतरतात, आणि शेतकऱ्याची बंदूक मुख्यतः आवाजाची उरली आहे. विशेष असें कीं, १९५९ च्या शस्त्रकायद्यांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा नांवानिशीं उल्लेख आहे. ज्यांची ऐपत आहे व ज्यांस परवाना मिळतो, त्यांच्या घरीं बारा बोअरची दुनळी असते. आपोआप भरणारी एकनळी क्वचित्.

या आपोआप भरणाऱ्या बंदुकीचा जनक जॉन ब्राउनिंग. त्याच्या रचनेचें पेटंट १९०० सालचें, आणि १९०२ पासून ती बेल्जममधील एर्स्टाल येथील कारखान्यांत होऊं लागली. बार उडाला कीं नळी व बोल्ट दोन्ही एकत्र मागें सरतात. मग नळी आधीं पुढें जाते, रिकामें काडतूस बाहेर पडतें, आणि बोल्ट पुढें येतांना नवें काडतूस आंत घेतो. हा सारा खेळ बाराच्या धक्क्यावर चालतो. म्हणून त्यांत घर्षणाचें एक कडें असतें. जड काडतुसांसाठीं तें एका जागीं बसवावें लागतें, हलक्यांसाठीं दुसऱ्या. तें चुकलें तर हलक्या काडतुसानें बंदूक अडते, आणि जड काडतुसाच्या हादऱ्यानें दस्ता तडकतो. पुढें वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आल्या. १९६३ सालची रेमिंग्टन ११०० ही त्यांतील प्रसिद्ध. त्यांत कड्याची कटकट नाहीं, पण वायूच्या वाटेंत काजळी सांचते.

अशी नवी बंदूक घरीं आली कीं ती लगेच उडवून पाहण्याचा मोह होतो, आणि दुकानदारहि «चालेल हो» म्हणून मोकळा होतो. कारखान्यानें तिला जें दाट तेल फांसलेलें असतें तें गंजापासून रक्षणासाठीं, चालण्यासाठीं नव्हे. बंदूक रिकामी आहे हें प्रथम डोळ्यांनीं व बोटानें पाहावें. मग सोबतच्या पुस्तिकेप्रमाणें ती उकलून तें तेल पूर्ण पुसावें, नळींतून कोरडें फडकें फिरवावें, आणि जेथें धातूवर धातु सरकतो तेथेंच पातळ तेलाचा हात द्यावा. तेल जास्त झालें कीं त्यांत धूळ व काजळी मिसळून चिकट लगदा होतो. बंदूक अडण्याचें हें एक नेहमींचें कारण. नळीवर काडतुसाच्या घराची लांबी कोरलेली असते, ती वाचल्यावांचून काडतूस घेऊं नये. ६५ मिलिमीटरच्या घरांत ७० चें काडतूस बसतें खरें, पण उडतांना त्याचें तोंड उघडण्यास जागा पुरत नाहीं, आणि दाब धोक्याचा होतो.

यानंतर रुळविणें. नव्या स्प्रिंगा ताठ असतात, सरकणारे पृष्ठभाग खरखरीत असतात. हलक्या काडतुसाचा जोर त्यांस पुरत नाहीं. म्हणून पहिलीं पन्नास-शंभर काडतुसें, कारखान्यानें मान्य केलेल्या मर्यादेंत, जरा जड घ्यावीं असा प्रघात आहे. आमच्याकडे काडतुसें परवान्यावर मोजून मिळतात, तेव्हां हा प्रघात पाळणें सर्वांस साधत नाहीं. निदान रात्रीच्या रानांत पहिला बार काढण्यापूर्वीं परवानगीच्या चांदमारीवर कांहीं तरी काढावे. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून तीस इंची वर्तुळांत किती छर्रे पडतात व ते कोणत्या बाजूस झुकतात, हेंहि तेव्हांच पाहावें. लंडनच्या बंदूककारांना नळ्या पारखण्याचा अधिकार १६३७ च्या सनदेनें मिळाला, बर्मिंगहॅमचें पारखघर १८१३ च्या कायद्यानें झालें. तेथें अधिक दारू भरून नळी फुटत नाहीं याची खात्री करून शिक्का मारतात. त्या शिक्क्यास मालकानें सर्व कांहीं समजूं नये. तो नळीच्या ताकदीची ग्वाही देतो, यंत्राच्या चालीची नव्हे.

शाहूवाडीच्या पावसांत याहून एक गोष्ट अधिक सांभाळावी लागते. शोभेसाठीं घेतलेल्या चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानांत बंदूक ठेवली कीं म्यान ओल धरून ठेवतें आणि आंतल्या आंत नळी खातें. तिच्यापेक्षां कुलूपबंद कोरडें कपाट बरें. आणि निवडणुका आल्या कीं परवान्याच्या बंदुका पुष्कळदां ठाण्यांत जमा कराव्या लागतात. तेथें त्या आठवडेच्या आठवडे एकमेकींना टेकून उभ्या असतात. पंतांचा हवालदार आठां-पंधरां दिवसांनीं येऊन उन्हें देत असे, आजच्या हवालदाराकडून ती अपेक्षा कोणी करीत नाहीं. जमा करण्यापूर्वीं नळीस आंतून-बाहेरून दाट तेल द्यावें, आणि परत आणल्यावर बंदूक पुन्हां नवी समजून सारें काम पहिल्यापासून करावें. नळींतलें तेल कोरड्या फडक्यानें निघाल्यावांचून पहिला बार काढूं नये.