हैज, शिरा आणि तापीकाठचं माकड

आपल्या घरांत मुलींना हैजचे मसले शिकवले जातात. नमाज कधी सोडायची, गुसल कधी करायचं, रोजे नंतर कसे भरायचे. दुखण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. फार कळवळली तर गरम पाण्याची पिशवी, आणि “निकाह झाला की थांबेल.”

दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीचं दुखणं थांबत नाही, कारण तो आजार असतो: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर अंडाशयावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर वाढतो. पाळी आली की तोही रक्त सोडतो, पण त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी 1860 साली त्याचं वर्णन केलं. 1927 मध्ये अमेरिकेच्या जॉन सॅम्पसन यांनी मांडलं, की पाळीचं थोडं रक्त बीजनलिकेतून उलटं पोटात जातं आणि अस्तराचे कण तिथे रुजतात. पण उलटं रक्त तर बहुतेक बायकांच्या पोटात जातं. मग सगळ्यांना आजार का होत नाही?

उत्तराचा एक धागा रक्तवाहिन्यांत आहे, आणि तो हाती लागला माकडांमुळे. धरणगावच्या उत्तरेला वाहणारी तापी ही पश्चिम भारतात ऱ्हिसस माकडांची दक्षिण हद्द, असं जुनी प्राणिशास्त्राची पुस्तकं सांगतात. ही माकडं हिंदुस्थानातून जहाजं भरभरून अमेरिकेत जात. 1978 साली भारताने ती निर्यात बंद केली. जे. ई. मार्की यांनी ऱ्हिसस माकडिणीच्या गर्भाशयाचं अस्तर तिच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत बसवलं. पारदर्शक पडद्यातून त्यांना दिसलं, की तिथे रक्तवाहिन्या वाढतात, वेटोळी घेतात, पाळीआधी आवळल्या जातात आणि मग रक्त येतं. हे 1940 साली छापलं गेलं. त्या जनावराचे हाल वाचवत नाहीत.

म्हणजे अस्तर जिथे पडेल तिथे रक्त मिळालं तर जगतं. भरकटलेले कण आसपासच्या ऊतींतून नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात. मग त्या औषधाने रोखाव्यात, हे सुचायला सोपं. पण दर महिन्याचं अस्तर आणि गर्भही तशाच नव्या वाहिन्यांवर वाढतो. म्हणून आजही उपचार मुख्यतः वेदनाशामक, हार्मोनच्या गोळ्या किंवा शस्त्रक्रिया एवढेच. मुंबईत परळच्या आयसीएमआर संस्थेने भारतीय रुग्णांच्या नोंदी जमवण्याचं काम हाती घेतलं, तेही अलीकडे.

बुखारीत फातिमा बिन्त अबी हुबैश यांचा प्रसंग आहे. रक्त थांबत नाही, हे त्यांनी थेट प्रेषितांना (स.) विचारलं. उत्तर मिळालं की हे हैज नव्हे, शिरेचं रक्त आहे. हदीसमध्ये विज्ञान शोधणाऱ्यांतली मी नाही, आणि त्यांचा त्रास या आजाराचा होता असंही म्हणत नाही. पण त्यांनी विचारलं आणि त्यांना गप्प बसवलं गेलं नाही. पुढे फुकहांनी इस्तिहाजावर पानंच्या पानं लिहिली.

शाळेत दर महिन्याला त्याच मुलींच्या रजेच्या चिठ्ठ्या येतात. वडिलांच्या अक्षरात कारण असतं: ताप.