चित्रकथीतील युद्धचित्रे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी (ता. कुडाळ) येथील ठाकर समाजाने जतन केलेल्या कथाचित्रांच्या पोथ्यांत रामायण-महाभारतातील युद्धप्रसंगांना मोठे स्थान आहे. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा निर्देश कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२७–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात आढळतो. उपलब्ध पोथ्या मात्र मुख्यत्वे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मानल्या जातात. कुडाळपासून इन्सुली-बांद्यापर्यंतचा मुलूख पूर्वी सावंतवाडी संस्थानात मोडत असे. तेथील सावंत-भोसले घराण्याचा आश्रय या कथेकऱ्यांना लाभला व गावोगावच्या मंदिरांतून त्यांच्या कथा होत.

एका कथेच्या चित्रांच्या संचास ‘पोथी’ म्हणतात. सु. ३० × ४० सेंमी. आकाराचे दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवीत. कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर उभे धरून वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर प्रसंग गाऊन सांगे. चित्रांची घडण या प्रयोगातूनच ठरली असावी. अकबराच्या चित्रशाळेतील रज्मनामा या महाभारताच्या फार्सी अनुवादाच्या चित्रांत रणभूमी सैन्याने गजबजलेली असते. पिंगुळीच्या चित्रांत बहुधा दोन-तीनच वीर समोरासमोर उभे राहतात. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी, चेहरे एकचष्मी, डोळे टपोरे, बाह्यरेषा ठसठशीत. दिव्याच्या उजेडात, दूर बसलेल्या श्रोत्याला एवढे पुरे होई. याच समाजात चालत आलेल्या चामड्याच्या बाहुल्यांशी या आकृतींचे साम्य सहज लक्षात येते.

इंद्रजितवध आणि बभ्रुवाहन हे विशेष आवडीचे विषय. बभ्रुवाहनाच्या कथेत अश्वमेधाचा घोडा अडविणारा पुत्र आपल्या पित्याशी, म्हणजे अर्जुनाशी, लढतो. चित्रात दिसतात ते केवळ ताणलेली धनुष्ये घेतलेले दोन योद्धे. पिता-पुत्राचे नाते, अर्जुनाचे पतन आणि उलूपीने त्याला मण्याच्या योगे पुन्हा जिवंत करणे यांचा अर्थ कथनातूनच उलगडतो. इंद्रजिताच्या कथेतही युद्धाइतकेच वजन सुलोचनेच्या शोकाला असते. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते ते तेथे.

यामुळेच पोथी फुटली की युद्धचित्राची हानी सर्वांत अधिक होते. मारुती किंवा दशमुखी रावण सुट्या पानावरही ओळखता येतो. दोन धनुर्धर मात्र कोणत्याही कथेतले असू शकतात. जीर्ण पोथ्या पाण्यात विसर्जित करण्याची चालही होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रय संपला आणि पुढे अनेक पाने संग्राहकांकडे गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या परंपरेशी निगडित, ‘पैठण शैली’ची म्हणून ओळखली जाणारी चित्रे आहेत, त्यांचे रंग अधिक भडक व आवेश अधिक उग्र आहे. पिंगुळीत परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी या कलेचे संग्रहालय उभारले असून तेथे पोथ्या कथेसह दाखविल्या जातात.