बोळ आणि बागा, पुण्याच्या पेठांतील

मुठा नदीच्या उजव्या काठावर वसलेल्या जुन्या पुण्यातील अरुंद वाटा, त्यांच्याआड दडलेली देवळे, चौक व परसे, आणि पेशवाईत लावलेल्या बागांचे आजचे अवशेष यांची ही नोंद आहे. कसबा पेठ ही मूळ वस्ती. तिच्याभोवती वारांच्या नावाच्या पेठा वसल्या, मग सदाशिव, नारायण, गंज, नाना, रास्ता अशा पेठांची भर पडली. नकाशावर हा भाग लहान दिसतो, पण लक्ष्मी रस्ता किंवा बाजीराव रस्त्यावरून कितीही वेळा गेले तरी तो कळत नाही. दोन दुकानांच्या मधल्या, जेमतेम एक दुचाकी जाईल अशा फटीतून आत शिरावे लागते.

बोळाला कोणी आखलेले नसते. दोन वाडे शेजारी उभे राहिले की त्यांच्या भिंतींमध्ये जे उरते ते बोळ होय. वाड्याचे सगळे लक्ष आतल्या चौकाकडे असल्याने बोळाच्या बाजूला खिडक्या फार थोड्या, त्याही उंचावर. म्हणून जुना बोळ भर दुपारीही सावलीत असतो आणि रहदारीचा आवाज वळणावरच थांबतो. आळी निराळी. ती एका धंद्याच्या लोकांची असते. तांबट आळी, बुरुड आळी, शिंपी आळी, बोहरी आळी ही नावे त्या त्या कामावरून किंवा समाजावरून पडली. वाडा पडून गेल्यावर मोकळी राहिलेली जागा म्हणजे बखळ. तिथे मुले क्रिकेट खेळतात, मांडव पडतो, गाड्या लागतात. हसबनीस बखळीसारख्या काही बखळी आता पक्क्या पत्त्यातच जमा झाल्या आहेत. घरांना क्रमांक असले तरी वाट विचारणाऱ्याला मात्र जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, उंबऱ्या गणपती, खुन्या मुरलीधर यांच्या आधारानेच सांगितले जाते. देवांना अशी घरगुती, थोडी चावट टोपणनावे ठेवण्यात पुणेकरांनी कसलीही कसर सोडलेली नाही.

कसब्यातली तांबट आळी दिसण्याआधी ऐकू येते. त्वष्टा कासार समाजाचे कारागीर पेशवाईत कोकणातून येऊन इथे राहिले. काम बहुतेक घराच्या पुढच्याच खोलीत चालते. तांब्याचे भांडे लोखंडी खरवईवर धरून हातोडीचे ठोके एकाला एक लागून, ओळीने घालत जायचे. याला मठारणे म्हणतात. ठोका पडतो तिथे पत्रा घट्ट होतो आणि खवल्यासारखी चकाकती खूण उमटते. बंब, घंगाळे, हंडे यांची मागणी गेली तेव्हा या आळीचे कठीण दिवस आले. आता दिवे, ताटल्या, पाण्याचे जग अशा नव्या वस्तूंवर तीच मठार दिसते. यंत्रावर दाबून काढलेली नक्कल बाजारात स्वस्त मिळते, पण तिच्यातले सगळे ठसे एकसारखे असल्याने ती लगेच ओळखू येते.

बोळातून फिरण्याचे खरे बक्षीस हवे असेल तर सोमवार पेठेत नागझरी ओढ्याच्या बाजूला जावे. तिथले त्रिशुंड गणपतीचे मंदिर भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतले. त्याचा काळ्या दगडाचा दर्शनी भाग पुण्यातल्या कुठल्याही देवळासारखा नाही. पुण्यातली पेशवाई देवळे बहुधा साधी, लाकडी सभामंडपाची. इथे मात्र द्वारपाल, हत्ती, यक्ष यांची दाटी आहे. आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती आणि गर्भगृहाच्या भिंतीवर संस्कृत व फारसी लेख. दाराजवळच्या एका शिल्पपट्टात गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंड घालताना दिसतात. हे दृश्य नक्की कशावर आहे याचे तर्क पुष्कळ झाले. ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेकडचा मुलूख गिळला त्याचे ते चित्र, हा त्यातला सर्वांत लाडका तर्क. पुण्याने खरा गेंडाही पाहिला होता, पण पुढे. सवाई माधवराव पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये काढले. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तांबट घराण्यातल्या माणसाने हातोडीऐवजी कुंचला धरला आणि वेरूळच्या लेण्यांपासून पेशव्यांच्या प्राण्यांपर्यंत सगळे कागदावर उतरवले, या गोष्टीला पुण्याच्या इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

बागांचा विचार पाण्यापासून सुरू करावा लागतो. पुण्याच्या वारसास्थळांची वर्णने बहुधा वाड्यांच्या नक्षीपाशी रेंगाळतात. पण नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास दोन कामे केली नसती तर पेठांत विहिरीपुरतीच हिरवळ राहिली असती. कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणले गेले. चढ-उताराचा हिशेब धरून ते आपोआप वाहत शनिवारवाड्यापर्यंत येई आणि वाटेत हौदांमधून लोकांना मिळे. नाना हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे त्या व्यवस्थेची. दुसरे काम आंबील ओढ्याचे. वस्तीतून नदीकडे जाणारा हा ओढा पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून वळवला, तिथे मोठे तळे केले आणि तळ्यात बेट राखून त्यावर बाग लावली. तीच सारसबाग. बेटावर गणपतीचे देऊळ झाले ते सवाई माधवरावांच्या काळात. तळे पुढे बुजले तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून ‘तळ्यातला गणपती’च आहे. शेजारी १९५३ मध्ये पेशवे पार्क झाले. तिथली प्राणीशाळा नंतर कात्रजला हलवली, म्हणजे पाण्याच्या उगमाकडेच गेली.

पर्वतीच्या पायथ्याच्या त्याच तळ्याच्या काठाला नानासाहेबांनी हिराबाग केली. राजपाहुण्यांच्या मेजवान्यांची ही जागा इंग्रजी अमदानीत सभा-संमेलनांची झाली. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मे १८७८ मध्ये इथेच भरले. आज हिराबाग हे मुख्यतः चौकाचे नाव आहे.

शनिवारवाड्यातल्या बागेची शान म्हणजे हजारी कारंजे. सोळा पाकळ्यांचे कमळ आणि १९७ तोट्या, तरी नाव हजारी. मोजणी आणि कौतुक यांच्यात असे अंतर पडायचेच. कात्रजच्या पाण्याचा दाब हेच त्याचे इंजिन होते.

तुळशीबाग व बेलबाग यांचा प्रकार वेगळा. या बागा देवाच्या पूजेसाठी लागणाऱ्या पत्री-फुलांच्या. तुळशीबागेची जागा मूळ सरदार खासगीवाल्यांची. पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी तिथे १७६१ च्या सुमारास राममंदिराचे काम सुरू केले आणि त्यांचे आडनावच तुळशीबागवाले झाले. बेलबागेतले लक्ष्मीनारायणाचे देऊळ नाना फडणवीसांचे, १७६० च्या दशकातले. दोन्ही आज बाजारपेठेच्या पोटात आहेत. तुळशीबागेत बांगड्या, भातुकली, देवाची उपकरणी, ओढण्या यांच्या गर्दीतून एखाद्या कमानीखालून वळले की एकदम फरसबंद प्रांगण लागते, वर कबुतरे आणि शिखर. खरेदीला वर्षानुवर्षे येणाऱ्या कित्येक बायका आत गेलेल्याच नसतात. बेलबागेचे नाव विसर्जन मिरवणुकीमुळे राज्यभर पोचले, कारण मंडळे मंडईहून याच चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात. देऊळ मात्र दुकानांच्या मागे आहे आणि दार चुकवणे सोपे.

खासगीवाल्यांच्या शुक्रवार पेठेतल्या जमिनीवर १८८६ मध्ये आठ बाजूंची मंडई उभी राहिली. तिला आधी मुंबईचे गव्हर्नर रे यांचे नाव होते, नंतर महात्मा फुले यांचे दिले गेले. नगरपालिकेचे सदस्य असताना फुले यांनी याच इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, हे नामकरणाच्या उत्साहात सोयीने बाजूला पडले. गंज पेठेत बोळांच्या गुंत्यात त्यांचा वाडा आहे. साधा, बसका, अंगणात तुळशीवृंदावन. या घरचा हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. पेशव्यांच्या नळाचे पाणी सार्वजनिक होते असे लिहिताना ते कोणाला भरता येत नव्हते हेही लिहिले पाहिजे. कारंजी पाहून झाल्यावर हा हौद पाहिल्याशिवाय पुण्याच्या पाण्याचा इतिहास पुरा होत नाही.

सरदारांच्या बागांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक होती ती वाड्यामागची परसे. विहीर, तिच्यावर रहाट, कडेला कपडे धुण्याचा दगड. न्हाणीचे सांडपाणी जिथे जाई तिथे अळू, केळ, कर्दळ. जरा कोरड्यात पारिजातक, तगर, जास्वंद, अनंत, कढीलिंब. या झाडांना कोणी मुद्दाम पाणी घालत नसे. घरातली आंघोळ आणि भांडी हेच त्यांचे सिंचन. वाड्यात बिऱ्हाडे वाढली तशी फुलांची मालकी हा सकाळचा रोजचा वाद झाला. मालकीणबाई उठण्याआधी पारिजातक वेचून नेणे यात पूजेइतकेच पुण्य मानणारी मंडळी प्रत्येक वाड्यात असत.

वाडे, परसे आणि हौद यांची ही रचना एका फटक्यात गेली नाही. बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याचा भाग मे १८७९ च्या आगीत जळाला. त्याच सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले, नळ आले आणि हौदांची गरज सरली. विसाव्या शतकात सरळ रस्ते काढताना वाडे मधोमध कापले गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली मातीची घरे विरघळली. पण सर्वांत मोठा वाटा घरभाड्याचा. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, त्या भाड्यात कौले फिरवणेही मालकाला परवडेना, भाडेकरू सोडीना. मग वाडा पडण्याची वाट पाहणे हाच दोघांचा मार्ग. त्या जागी इमारत आली की चौक आणि परस यांचे मिळून पार्किंग होते. बोळ मात्र बरेचदा टिकतो, कारण तो दोन मालकांच्या हद्दीवर असतो आणि हद्दीचा तंटा सोडवण्यापेक्षा बोळ राखणे स्वस्त पडते.

फिरायला सकाळी साडेसात ते दहा ही वेळ उत्तम. गणेशोत्सवाचे दिवस मंडपांसाठी ठीक, बोळांसाठी वाईट. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोची स्थानके मंडईत आणि कसब्यात सुरू झाल्याने गाडी लावण्याची चिंता उरलेली नाही. मंडईतून निघून तुळशीबाग, विश्रामबाग वाड्याचा सुरूदार खांबांचा सज्जा, बेलबाग, जोगेश्वरी, कसबा गणपती, तांबट आळी आणि नागझरी ओलांडून त्रिशुंड अशी वाट एका सकाळीत होते. नातूबागेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला वेगळा दिवस ठेवावा. त्या घरात वाड्यांची सुटलेली दारे, दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरे इतकी आहेत की तिथून निघाल्यावर बोळ चालायला पाय उरत नाहीत.