जुहूचं खातं

बँकेत नवं खातं उघडायचं म्हणजे खातेदाराची सही लागते. गावाचं खातं शहरात उघडताना मात्र गावाची सही कुणी मागत नाही. जुहूचंच बघा ना!

सव्वाशे वर्षांपूर्वीचं जुहू म्हणजे साष्टीच्या कडेला पडलेली वाळूची एक लांबट पट्टी. ओहोटीला खाडीच्या चिखलातून पलीकडे जायचं, भरती आली की मुकाट्यानं बसायचं. वस्ती कोळी-भंडाऱ्यांची. मासे आणि ताडी, एवढ्यावर गावाचा ताळेबंद जुळायचा.

इथली हवा मुंबईकरांना मानवेल, हे पहिल्यांदा हेरलं जमशेटजी टाटांनी. त्यांनी जमीन घेतली, बंगला बांधला, मोठ्या वसाहतीचा आराखडाही केला. १९०४ साली ते गेले आणि आराखडा फायलीत राहिला.

पुढं १९२४ साली, ससूनमधल्या ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर, गांधीजी विश्रांतीसाठी इथं आले. पण मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास वाटाघाटींना हजर! शांत जागेची हीच तर गंमत आहे: तिचा पत्ता फुटला की शांतता संपली.

१९२८ साली विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन इथंच उतरले. थोरल्या टाटांचा बेत कागदावर राहिला, धाकटे टाटा थेट आभाळातून आले! मात्र पावसाळ्यात मैदानाचा असा राडा व्हायचा, की विमानांना बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे.

१९५० साली महानगरपालिकेनं हात लांब केला आणि जुहू मुंबईत जमा झालं. मग हॉटेलं आली, सिनेनट आले, १९७८ साली पृथ्वी थिएटर आलं. आणि या सगळ्यांना बघायला आपण आलो, हातात भेळेचा कागद घेऊन.

प्रत्येकजण मोकळ्या हवेसाठी आला आणि येताना थोडी थोडी हवा खात्यातून काढत गेला. भरणा कुणी केला, ते काही लेजरात सापडत नाही.

कोळीवाडा अजून आहे. समुद्र नुसता दिसावा म्हणून चौरस फुटामागं हजारो रुपये बिनतक्रार मोजणारी मंडळी, त्याच समुद्रातल्या पापलेटासाठी कोळणीशी दहा रुपयांवरून हुज्जत घालतात. आणि वर म्हणतात, "मावशी, फार महाग झालं बाई जुहू!"